टेपचं वाकडं हेड

माझ्या भावाला मी तोंडावर दादा म्हणते आणि पाठीमागे साहेब. ऑफिसात त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, आणि ती सवय तो बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत नाही. बाबांकडे आला की आल्या आल्या त्याची नजर भिंतींवरून फिरते. हे का गळतंय, ते का करकरतंय, ही वायर अशी का लोंबतेय. मग बाह्या सरसावून सगळं दुरुस्त करतो. तो गेला की पुढचा आठवडाभर बाबा कात्री शोधत फिरतात.

चांगल्या मनाने करतो, असं नातेवाईक म्हणतात. त्या चांगल्या मनानेच माझं पित्त खवळतं.

बाबा रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात इंजिनियर होते. निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. मागच्या छोट्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर असतो. आजच्या पोरांना दाखवला तर खेळणं वाटेल. काळा, चहाच्या ट्रेएवढा, रबराची बटणं, पडदा म्हणून जुना जाडजूड टीव्ही. त्याला स्वतःच्या पोटात काही ठेवता येत नाही. बंद केला की सगळं विसरतो. म्हणून प्रोग्राम ठेवायचे कॅसेटवर, गाण्यांची असायची तसल्याच साध्या कॅसेटवर, साध्याच टेपरेकॉर्डरने. कॅसेट लावली की आधी एक लांब शिट्टी ऐकू येते आणि मग खरखर. ती खरखर म्हणजे प्रोग्राम. कॉम्प्युटर ती ऐकतो, कळली तर चालवतो, नाही कळली तर एका ओळीत सांगून मोकळा होतो की चूक आहे.

या डब्यासाठी बाबांनी एक खेळ लिहिलाय. दिवेवाला त्याचं नाव. एक ठेंगणा माणूस शिडी घेऊन रस्त्याने पळतो आणि अंधार पडायच्या आत दिवे लावतो. मागून वारा येतो आणि लावलेले विझवतो. एवढंच. मी शाळेत असताना त्यांनी तो लिहायला घेतला आणि अजून लिहितायत. कोड त्यांचा, चित्रं माझी. चौकटीच्या कागदावर चौकोन काळे करून मी तो माणूस काढला होता, त्याचं डोकं टोपीसकट चार चौकोनांत बसवलं होतं आणि त्याबद्दल मला अजूनही गर्व आहे. रोज दुपारी जेवण झालं की बाबा खेळ टेपवरून चढवायचे, थोडा खेळायचे, एखादी ओळ बदलायचे, पुन्हा टेपवर उतरवायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी जायचे आणि आमचं वाऱ्यावरून भांडण व्हायचं. मी म्हणायचे, वारा फार आहे, कुणी जिंकणारच नाही. ते म्हणायचे, मी तीस वर्षं दिवे लावलेत, वारा मला शिकवू नकोस.

बाबा तापट. त्यांच्या कॅसेटला कुणी नुसतं बोट लावलं तरी शेजारपाजाऱ्यांना कळायचं. आई त्यांना प्रेशर कुकर म्हणायची. तो तापटपणा साहेबाकडे गेला नाही, सगळाच्या सगळा माझ्या वाट्याला आला. मी छापखान्यात मशीन चालवते. तिथे आवाज इतका असतो की ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, त्यामुळे माझं तसं बरं चाललंय.

तर गेल्या महिन्यात बाबांना ताप आला. आमच्याकडे शाळेच्या पुस्तकांचा हंगाम, मला रजा मिळेना. साहेब आला आणि काही दिवस राहिला. तापातून बाबा उठले. मी सुट्टी काढून गेले तर ते बाल्कनीत खुर्चीवर बसलेले, हात मांडीवर, समोर नुसतं बघत.

"खेळ नाही लावला आज?" मी विचारलं.

"नाही चढत," ते म्हणाले. "माझ्या हातून टेपा गेल्या."

मी आत जाऊन पाहिलं. कॅसेट लावली. शिट्टी आली, खरखर आली, पण दबलेली, तोंडात कापड कोंबल्यासारखी. कॉम्प्युटर म्हणाला, चूक. दुसरी लावली. चूक. खोक्यातल्या निम्म्या कॅसेट मी लावून पाहिल्या आणि प्रत्येकीचं तेच.

साहेबाला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं. "रेकॉर्डर ठणठणीत आहे. मी स्वतः तपासला. दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, टेपवर उतरवला, परत चढवला. एका फटक्यात चालला. दोष टेपांमध्ये आहे. कॅसेटचं खोकं कुठे सापडलं मला माहितेय? टीव्हीशेजारच्या मोठ्या स्पीकरवर. आत एवढं मोठं चुंबक असतं. चुंबकाने खाल्ल्या सगळ्या."

"बाबा खोकं स्पीकरवर ठेवतील?"

"ठेवलं ना. त्यांना आठवतही नाहीये. मी विचारलं तर म्हणाले, ठेवलं असेन. हेच तर मी सांगतोय तुला कधीपासून."

कधीपासून तो सांगत होता ते असं, की बाबांनी आता एकटं राहू नये. त्याने एक जागा पाहून ठेवली होती. तिला तो काहीतरी लांबलचक, सुवासिक नाव घेऊन बोलायचा. साध्या भाषेत वृद्धाश्रम. बाबांनी आधी त्याला दोनदा उडवून लावलं होतं, एकदा तर जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं.

आता ते हो म्हणाले. माझ्यादेखत म्हणाले. साहेब समजावत होता, की तिथे डॉक्टर आहे, बाग आहे, आणि बाबा ऐकत होते आणि मान हलवत होते. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "ज्याला आपल्या हातचं काम सांभाळता येत नाही त्याने एकटं राहू नये." ते ओरडले नाहीत. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं की काहीतरी भलतंच झालंय. पण मला वाटलं, म्हातारपण. मला रडू आलं, आणि रडू आलं की माणूस विचार करत नाही. आश्रमातली बाई शुक्रवारी येऊन बाबांना भेटणार, बोलून पाहणार आणि मग खोली ठरवणार, असं ठरलं.

गुरुवारी मी सुट्टी घेतली. बाबांचं सामान बघायचं होतं. बाबा जेवून आत पडले होते. मी मागच्या खोलीत गेले आणि म्हटलं, एकदा शेवटचं बघू. कधीकधी हेडवर घाण बसते. टेपरेकॉर्डरचं हेड म्हणजे तो चकचकीत धातूचा तुकडा, ज्याला घासून टेप सरकते आणि जो टेपवरचं ऐकतो. कापसावर स्पिरिट घेऊन मी झाकण उघडलं.

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की हेड केसभर इकडे किंवा तिकडे कलतं. आमच्या रेकॉर्डरच्या त्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब होता. आईच्या नेलपॉलिशचा. का, ते सांगते. मी शाळेत असताना हा रेकॉर्डर माझ्याच धक्क्याने टेबलावरून पडला. साहेब तेव्हा हॉस्टेलवर होता. पडल्यावर हेड जरासं वाकडं बसलं. गाणी थोडी दबकी वाजायला लागली, पण बाबा म्हणाले, राहू दे. वाकड्या हेडने लिहिलेलं वाकडं हेडच वाचणार, आपल्याला कुठे जगाला ऐकवायचंय. तेव्हापासूनच्या सगळ्या कॅसेट त्या वाकड्या हेडने भरल्या. सरळ हेड त्यांना लावलं तर त्याला नुसतं दबलेलं गुरगुरणं ऐकू येणार. म्हणून बाबांनी स्क्रू नेलपॉलिशने बसवून टाकला, की चुकूनही कुणाचा हात फिरू नये. आमच्या घरात हे मीठ कुठल्या डब्यात आहे इतकं उघड होतं.

तो थेंब फुटला होता. लाल कपच्या स्क्रूच्या कडेला पडल्या होत्या आणि खाचेत ताजा चकाकता ओरखडा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॅसेट लावली, बारीक स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत घातला आणि किंचित, अगदी किंचित फिरवला. खरखरीवरचं कापड निघायला लागलं. आवाजाला धार आली. टेपांना काही झालं नव्हतं. साहेबाचा दोन ओळींचा प्रोग्राम चालला होता, कारण तो सरळ हेडनेच लिहिला आणि सरळ हेडनेच वाचला होता. चुंबकाने एक अक्षर खाल्लं नव्हतं. सगळे दिवे, सगळा वारा, माझा टोपीवाला, सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि मी स्क्रू परत त्या बिघडलेल्या जागी आणून ठेवला. मुद्दाम. ज्याने फिरवला त्याच्या तोंडून बाबांसमोर हे निघालं पाहिजे असं मी ठरवलं. साहेबाला फोन केला, संध्याकाळी ये, म्हटलं, उद्याचं बोलायचंय.

तो ऑफिसातून थेट आला. टाय सैल केला, पाणी मागितलं. मी त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लोटलं.

"रेकॉर्डरचं हेड तू फिरवलंस?"

"हो," तो म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की ग्लास त्याच्या हातातून काढून घ्यावासा वाटला. "वाकडं होतं. बाबा तापात होते तेव्हा मी एक गाण्याची कॅसेट लावली, म्हटलं त्यांना बरं वाटेल. अगदी दबकी वाजत होती. मग हेड सरळ केलं, एकदम स्वच्छ. का?"

मी सांगितलं का. तो हुशार आहे, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चेहरा उतरला. मग त्याने पाणी पिऊन घेतलं आणि तो चेहरा पुन्हा चढवला.

"मला काय माहीत? त्यावर कुठे लिहिलं होतं?"

"लाल रंग लावला होता. स्क्रूला नटवायला लावला होता का?"

"बरं. चुकलं. पण स्पीकरवरचं खोकं?"

ते वाक्य त्याने अर्ध्यावरच सोडलं. तो बेसिनकडे बघत होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो बेसिनकडे बघतो तेव्हा त्याला काहीतरी आठवलेलं असतं.

"दादा, खोकं स्पीकरवर कुणी ठेवलं?"

"रेकॉर्डर काढताना टेबल मोकळं केलं होतं मी," तो म्हणाला. "तेव्हा ठेवलं असेन. विसरलो होतो. खरंच विसरलो होतो."

"कधी आठवलं?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि तू गप्प बसलास."

"अगं, तोवर ते हो म्हणाले होते." तो आवाज खाली आणून बोलायला लागला, ऑफिसात एखाद्याला बाजूला घेऊन बोलतो तसा. "तू जरा शांतपणे विचार कर. ते पडतील, गॅस उघडा राहील, काहीही होईल. परवा नळ वाहत होता. तुला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली की नाही? हे सगळं खरं आहे. त्या टेपांमुळे का होईना, ते कबूल झाले. आता ते उकरून काय मिळणार आहे?"

"तू विसरलास," मी म्हटलं. "खोकं कुठे ठेवलं ते तू विसरलास, आणि त्यांनी ठेवलं म्हणून त्यांच्या डोक्यावर खापर फोडलंस. मग तुला कुठल्या आश्रमात ठेवायचं? बाग आहे म्हणे तिथे."

"मुद्द्याचं बोल."

"हाच मुद्दा आहे. त्या माणसाला महिनाभर वाटतंय की आपण आपल्या हाताने आपलं काम मारलं. ते ओरडायचे बंद झालेत, दादा. तू त्यांना घाबरवून गप्प केलंस आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणतोयस."

मी आता खाली आवाजात बोलत नव्हते. छापखान्यात बोलते तशी बोलत होते. "चल. आत्ता आत चल आणि सांग."

"उद्या ती बाई येऊन जाऊ दे, मग निवांत..."

मी दार उघडलं. बाबा दाराबाहेरच उभे होते.

किती ऐकलं असेल ते मला कळेना. त्यांच्या अंगावर घरातला जुना स्वेटर होता, एक बटण चुकलेलं. ते साहेबाकडे बघत होते.

"हेड फिरवलंस?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी चांगल्यासाठी..."

"किती फिरवलंस?"

"माहीत नाही. पाव फेरा असेल. बाबा, तुम्ही आधी बसा."

बाबा बसले नाहीत. मी पाहिलं, त्यांच्या गळ्यावरची शीर फुगायला लागली होती. लहानपणी ती शीर दिसली की आम्ही दोघं पलंगाखाली जायचो. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

"गाढवा," ते म्हणाले, आणि मग त्यांना आवाज सापडला. "हलकट माणसा, मी रोज रात्री उशीवर डोकं ठेवून शोधत होतो की ते खोकं मी कधी उचललं. कुठल्या हाताने उचललं. कधी ठेवलं. मला आठवत नव्हतं, कारण मी उचललंच नव्हतं. आणि तू समोर बसून मला बागेची माहिती देत होतास. तुझ्या एका शब्दाने मी झोपलो असतो. एका शब्दाने. तो तुझ्या तोंडून निघाला नाही, कारण माझी झोप गेलेली तुला सोयीची होती."

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. आमचं ऐकण्यासाठी केला असावा. साहेब मान खाली घालून उभा होता, आणि मी हाताची घडी घालून, भिंतीला टेकून ऐकत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं. बाबांना दिसलं.

"आणि तू काय हसतेस?"

"मी नाही हसत, बाबा."

"तुला कधी कळलं?"

"आज दुपारी."

"दुपारी मी आत पडून होतो. जागा होतो. छताकडे बघत उद्या त्या बाईला काय सांगायचं ते जुळवत होतो. तू खोलीत टेप वाजवलीस, मी ऐकली. आवाज उघडला, मला ऐकू आलं. मग पुन्हा दाबलास. मला वाटलं, कानही गेले." ते माझ्याजवळ आले. "तुला माहीत होतं आणि तू मला उठवलं नाहीस. याला पकडायचा होता म्हणून. तुझ्या भांडणासाठी मला संध्याकाळपर्यंत तसाच पडू दिलास."

दुपारी मला ते फार योग्य वाटलं होतं.

"माझं सोल्डरिंग आयर्न कुठे आहे?"

वायरी डाग देऊन जोडायचं ते तापतं हत्यार मी त्यांच्या तापानंतर उचलून नेलं होतं. "माझ्या घरी," मी म्हटलं. "तुम्हाला भाजेल म्हणून."

"मला विचारून नेलंस? आणि ते 'असू दे बाबा, होतं असं बाबा', हे कोणासाठी चाललं होतं? महिनाभर माझ्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं बोलतेयस. हा तरी उघड बोलला, की म्हाताऱ्याचं डोकं गेलं. तू त्याचं ऐकलंस, मान्य केलंस आणि वर गोड बोललीस. वाऱ्यावरून भांडायची बंद झालीस तू. मला काय वाटलं असेल? मुलगीसुद्धा भांडेना, म्हणजे आपलं आटोपलं."

साहेब म्हणाला, "बाबा, तिची चूक नाहीये." त्याने असं म्हणावं याचाही मला राग आला.

"गप्प बस. त्या बाईचा नंबर दे."

साहेबाने फोन लावून दिला. बाबांनी कानाला धरला आणि अगदी सरळ सांगितलं. "नमस्कार. उद्या तुम्ही मला बघायला येणार होतात. येऊ नका. मी हो म्हणालो होतो ते एका खोट्या गोष्टीवरून. माझा नळ उघडा राहतो, नावं चुकतात, हे खरं आहे. त्याचं काय करायचं ते मी विचार करून ठरवीन. यायचं असेल तर मी स्वतः फोन करीन. माझी मुलं करतील तर उचलू नका."

फोन परत दिला. खिशातून चष्मा काढला, मागच्या खोलीत गेले, आणि आम्ही दोघं सवयीने मागोमाग गेलो तर त्यांनी आमच्या तोंडावर दार लावलं.

आम्ही पॅसेजमध्ये उभे राहिलो. साहेबाने टाय पूर्ण काढून खिशात कोंबला. आतून खटका ऐकू आला, कॅसेट बसल्याचा. मग शिट्टी, मग ती दबलेली खरखर. थांबली. मागे गुंडाळली. पुन्हा शिट्टी.

"त्यांना जमेल?" साहेबाने कुजबुजत विचारलं. "हात थरथरतो त्यांचा. तुला येतं ना? तू जाऊन लावून दे."

"तू बोलू नकोस," मी म्हटलं.

पण कान माझे आतच होते. खरखर हळूहळू मोकळी होत होती. धार येत होती, अजून थोडी, अजून थोडी, आणि मग एका जागी ती लख्ख झाली, दुपारपेक्षाही लख्ख. तीच जागा होती. आणि ती निसटली. स्क्रू पुढे गेला होता. आवाज दुसऱ्या बाजूने पुन्हा बोथट व्हायला लागला, आणि बाबा फिरवतच होते, चुकीच्या दिशेने, पुढे पुढे. मला इथून ऐकू येत होतं, त्यांना कसं येत नव्हतं? एक शब्द, बाबा, मागे, एवढंच सांगायचं होतं. माझा हात दाराच्या मुठीवर गेला आणि मूठ करकरली.

खरखर थांबली.

"हात काढ दारावरचा," आतून बाबा म्हणाले.

मी काढला.